खेड्यातले रक्तदान : भावकीपासून परक्या माणसापर्यंत



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत विहार कसे उभे राहिले, पत्र्याचे शेड जाऊन स्लॅब कधी पडला, वर्गणी कोणी किती दिली हा इतिहास येतोच. तो लिहिणारी जाणती मंडळी आपल्यात आहेत. आम्ही या पानांत दुसऱ्याच एका गोष्टीचा इतिहास मांडणार आहोत. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ठिकठिकाणच्या विहारांच्या मंडपात खाटा पडतात, रक्तपेढीची गाडी येते, पोरं रांगेत उभी राहतात आणि चहा-बिस्कीट घेऊन, प्रमाणपत्र खिशात घालून घरी जातात. आजच्या मुलांना वाटते की हे पहिल्यापासून असेच चालू आहे. पण आपल्या आजोबांच्या काळात रक्त लागले तर ते मागायला भावकीत जावे लागे, आणि भावकी मागे सरली की पुढचा रस्ता बंद. तिथून ज्याचे तोंडही कधी दिसणार नाही अशा माणसासाठी सुई टोचून घेण्यापर्यंत आपण आलो. ही वाट लहान नव्हती.

आपल्या वस्तीतली बहुतेक घरे मूळची खेड्यातली. कोणी पैठणकडचे, कोणी गंगापूर-वैजापूरचे, कोणी फुलंब्री-सिल्लोडचे, काही जालना-बीडकडून कामधंद्यासाठी आलेले. त्या खेड्यांत रक्त देण्याची भीती किती होती हे म्हाताऱ्या माणसांना विचारावे. "रगत दिलं की माणूस कामातून जातंय," हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शिकलेले लोक याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, ढोरं नाहीत, नुसते दोन हात आहेत, त्याचे भांडवल म्हणजे त्याचे अंग. उद्या अंगाने साथ दिली नाही तर रोज बुडतो आणि चूल पेटत नाही. हिशेब होता तो, फक्त माहिती अपुरी होती. धडधाकट माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. त्यातले ३५० किंवा फार तर ४५० मिलिलिटर घेतात. त्यातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात. पण हे गावात येऊन, घोंगडीवर बसून, समजावून सांगणारे कुणी नव्हते. गावात डॉक्टर यायचा तो सुई टोचायला यायचा, बोलायला नाही.

एका माणसाचे रक्त दुसऱ्याला कधी चालते आणि कधी चालत नाही, हे कोडे तरी कुठे फार जुन्या काळी सुटले? व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट मांडले. पुढे १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट घातले की रक्त गोठत नाही हे कळले, आणि रक्त बाटलीत भरून ठेवता येऊ लागले. ती काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची पिशवी आली त्याला जमाना झाला, पण आपल्या बायाबापड्या अजून "रक्ताची बाटली चढवली" असेच म्हणतात. आम्हीही इथे कधी बाटली म्हणू, कधी पिशवी.

आपल्या देशात रक्तपेढीची सुरुवात लढाईने केली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी १९४२ मध्ये कलकत्त्याला रेडक्रॉसच्या देखरेखीखाली रक्तपेढी निघाली. युद्ध चालू होते तोवर लोकांनी आपखुशीने रक्त दिले. युद्ध संपले, उत्साह ओसरला, आणि रक्त देणाऱ्याला पैसे मोजायची पाळी आली. मुंबईत १९५४ पासून लीला मुळगावकर या समाजसेविकेने पैसे न देता रक्त मिळवण्याची मोहीम चालू केली. त्यासाठी बाईंना १९६३ साली पद्मश्री मिळाली. मुंबईचेच आणखी एक नाव या इतिहासात जगभर घेतले जाते. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी दुर्मिळ असा एक रक्तगट शोधला, त्याला जगात 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हेच नाव पडले.

मराठवाड्यात हे सगळे उशिरा आले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले तेव्हा या भागातल्या पोरांना उच्च शिक्षणासाठी दुसरी जागा जवळपास नव्हती, आणि दवाखान्याची गत त्याहून वेगळी नव्हती. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले, म्हणजे ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी. त्याचा दवाखाना तो आपला घाटी दवाखाना. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण घाटीला लोक घाटीच म्हणतात. जालना, बीड, परभणी, पलीकडे बुलढाण्यापर्यंतचा गरीब रोगी शेवटी घाटीला येतो. एसटीने येतो, जीपने येतो, पूर्वी बैलगाडीने फाट्यापर्यंत येऊन पुढे मिळेल त्या ट्रकने यायचा.

आता रक्त मिळायचे कसे ते ऐका. देशभरच्या दवाखान्यांत तेव्हा एकच रीत होती : बाटली हवी तर बदल्यात तुमचा माणूस आणा. यालाच बदली रक्तदाता म्हणतात. वरवर पाहता ही रीत न्यायाची वाटते. पण ती कोणाला परवडायची? ज्याची भावकी मोठी, ज्याच्या दारात ट्रॅक्टर, तो एका निरोपावर दहा पोरं भरून आणायचा. आणि ज्याची बायको बाळंतपणात अडलेली, सोबत एक म्हातारी आणि कडेवर एक लेकरू, तो माणूस कोणाला आणणार? त्याचे स्वतःचे रक्त जुळले नाही की संपले. भाऊ ऊसतोडीला गेलेला, साडू भीतीने पळालेला. सोयरे भेटायला यायचे, केळी आणायचे, आणि रक्ताचे नाव निघाले की एसटीची वेळ झाली म्हणायचे. असे प्रसंग वस्तीतल्या प्रत्येक घराने पाहिलेले आहेत. म्हणजे रक्तसुद्धा ज्याच्यामागे माणसे उभी त्यालाच. गावात पाण्याचे जे होते तेच इथे झाले.

मग उरायचा विकत घेण्याचा मार्ग. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांबाहेर रक्त विकणारे उभे असत. ते कोण होते? हमाल, रिक्षा ओढणारे, बेकार, नशेत बुडालेले. जो माणूस महिन्यात दोन-दोनदा रक्त विकतो त्याच्या रक्तात उरते काय? विकणारा गरीब, घेणारा गरीब, आणि मधल्यामध्ये दलाल पोसला जायचा. वर रोगाचा धोका वेगळा. १९८६ मध्ये एड्सचे विषाणू भारतात पहिल्यांदा सापडले आणि रक्ताची तपासणी हा जिवाचा प्रश्न झाला.

याला आळा बसला तो कोर्टामुळे. 'कॉमन कॉज' या संस्थेने १९९२ साली सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली. देशातल्या १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना चालतात, ही गोष्ट त्या निकालात नोंदलेली आहे. निम्म्याहून जास्त! ४ जानेवारी १९९६ च्या निकालाने परवाना सक्तीचा झाला, राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा नेमल्या गेल्या, आणि दोन वर्षांत रक्तविक्री बंद करा असे सरकारला बजावले गेले. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. आपण आज शिबिरात जातो त्याच्यामागे हा निकाल आहे, हे पोरांना सांगितले पाहिजे. विक्री बंद झाली म्हणजे तेवढ्या बाटल्या कुठून तरी फुकट यायला हव्या होत्या. त्या आल्या कॉलेजांतून, कारखान्यांतून, गणेश मंडळांतून, दर्ग्यांतून, आणि आपल्या जयंती मंडळांतून.

आपल्या वस्त्यांत शिबिरांची हवा त्याच्या थोडी आधीपासून तयार होत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे झोपेत गाडली गेली, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. जखमींना लातूर-सोलापूरच्या दवाखान्यांत नेले आणि राज्यभर रक्त द्यायला रांगा लागल्या. तिथे मातीखालून निघालेल्या माणसाला कुणी जात विचारली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारू लागले ती गोष्ट वेगळी. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षे ज्या पोरांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, ज्यांनी घरे जळताना पाहिली, त्या पिढीच्या हातात जयंतीची सूत्रे आली. डीजेवर पैसा उधळण्यापेक्षा काही विधायक करू, असे म्हणणारे गट वस्तीवस्तीत निघाले. घाटीची विभागीय रक्तपेढी, दत्ताजी भाले रक्तपेढी अशा पेढ्यांच्या गाड्या मंडपात येऊ लागल्या. (डीजे काही बंद झाला नाही. दोन्ही चालू आहेत.)

"रक्ताला जात नसते" ही घोषणा शिबिराच्या प्रत्येक फलकावर असते. घोषणा खरी आहे, पण ती इतकी सोपी नाही. ज्या गावात फलक लागतो त्याच गावात दोन स्मशानभूम्या असतात. आणि हा रोग एकट्या आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात रेडक्रॉसने सुरुवातीला काळ्या लोकांचे रक्त घेण्यासच नकार दिला. १९४२ च्या जानेवारीपासून घेऊ लागले, पण गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. रक्त साठवण्याच्या शास्त्रात ज्यांनी मोठे काम केले ते डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः काळे होते! शास्त्राला काळ्या-गोऱ्या रक्तात काहीच फरक सापडत नसताना १९५० पर्यंत बाटलीवर वंशाची चिठ्ठी लागत राहिली.

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात रक्तशुद्धीच्या कल्पनेचा समाचार घेतला आहे. शुद्ध रक्ताची जात देशात कुठेच नाही, आणि रक्ताची सरमिसळ झाल्याशिवाय माणसांना एकमेकांबद्दल आपलेपणा वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ते बोलत होते आंतरजातीय विवाहाबद्दल. रक्तपेढीच्या बाटलीने ते काम होते असे आम्ही म्हणणार नाही, तो दावा फार मोठा होईल. पण एक लहान गोष्ट लक्षात घ्या. पिशवीवर गट असतो, नंबर असतो, घेतल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. आडनाव नसते. ज्या समाजात खोली भाड्याने देतानाही आधी आडनाव विचारतात, तिथे ही एक वस्तू आडनावाशिवाय एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते. बदली रक्तदात्याच्या रीतीत आडनाव होते, कारण भावकी म्हणजेच आडनाव. स्वेच्छेच्या रीतीत ते गळाले. आमच्या मते एवढ्या वर्षांत झालेला खरा बदल हाच.

आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याला पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिबी राजाची कथा रंगवलेली आहे. कबुतराचा जीव वाचवायला राजा स्वतःचे मांस तराजूत घालतो. सहलीला गेलेल्या मुलांना ती दाखवून गुरुजी दानाचे महत्त्व सांगतात. सांगावे. पण शिबीला सगळे अंग द्यावे लागले, आपल्याकडे मागणे साडेतीनशे मिलिलिटरचे आहे, आणि तेही दहा मिनिटांत आटोपते.

बायकांचे काय, असा प्रश्न महिला मंडळाच्या भगिनी दरवर्षी करतात आणि तो रास्त आहे. रक्तदानाला हिमोग्लोबिन १२.५ लागते. नाव नोंदवायला आलेल्या कितीतरी बाया बोटाला सुई टोचल्यावर परत पाठवल्या जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. ज्यांना रक्ताची सगळ्यात जास्त गरज पडते, बाळंतपणात, गर्भपातात, त्यांच्याच अंगात ते कमी. घरात शेवटी जेवणारी बाई रक्तदात्यांच्या यादीत येणार कशी? परत पाठवलेली बाई खट्टू होऊन जाते, पण तिला निदान आपला आकडा कळतो. तो आकडा कागदावर लिहून तिच्या हातात द्या आणि लोहाच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात पाठवा, एवढे शिबिरवाल्यांनी केले तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट खेड्याची. खेड्यातला तरुण शिबिरात रक्त देतो, ते शहरातल्या पेढीत जाते. वेळ आली तर ते गावाकडे परत येते का? पेढी चालवायला शीतपेटी लागते, चोवीस तास वीज लागते, तंत्रज्ञ लागतो, पाच रोगांच्या तपासण्या लागतात : एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, मलेरिया, गुप्तरोग. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होणे नाही. म्हणून ग्रामीण रुग्णालयांत रक्तसाठवण केंद्रे काढायची सोय नियमात झाली, म्हणजे पेढीतून तपासलेल्या पिशव्या आणून तिथे ठेवायच्या. ती सगळीकडे सारखी चालत नाहीत. खेड्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची जुनी तक्रार आहे की पूर्वी ऐन वेळी गावातल्या माणसाचे रक्त तपासून थेट रोग्याला देता येत होते, कायद्याने ते बंद केले आणि पर्याय मात्र उभा केला नाही. तक्रारीत तथ्य आहे. कायदा शहर डोळ्यापुढे ठेवून झाला. बाळंतपणानंतर रक्त जायला लागले तर दोन तासांत बाई दगावू शकते, आणि सोयगाव इथून शंभर किलोमीटरहून लांब आहे. राज्य सरकारने २०१४ मध्ये १०४ नंबरवर फोन केला की रक्त पोचवणारी जीवन अमृत सेवा काढली होती. चांगली होती, पण टिकली नाही.

शिवाय थॅलेसेमियाची लेकरं आहेत. त्यांना दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच, जयंती असो की नसो. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यांनाही वेळोवेळी रक्त चढवावे लागते. तिकडे सोयरीक असणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. २०२० साली टाळेबंदीत १४ एप्रिल घरातच साजरी झाली, कॉलेजे बंद, शिबिरे बंद, पण या मुलांची गरज काही बंद झाली नव्हती. पुढच्या वर्षी लस आली, तर लस घेतल्यावर २८ दिवस रक्त देता येत नसे. मे २०२१ मध्ये ती मुदत १४ दिवसांवर आणली. लस घेण्याआधी रक्त देऊन जा, असे आवाहन तेव्हा करावे लागले.

आता कार्यकारिणीपुढे ठेवण्यासारखा एक हिशेब. तांबड्या पेशींची पिशवी ३५ दिवस टिकते, काही पिशव्यांत ४२ दिवस. प्लेटलेट फक्त ५ दिवस. १४ एप्रिलला सगळ्या शहराने मिळून रक्त दिले, की त्यातल्या ३५ दिवसांच्या पिशव्यांची मुदत १९ मेला संपते. आणि मे-जून हाच रक्ताच्या टंचाईचा काळ. कॉलेजांना सुट्ट्या, लग्नसराई, ऊन. म्हणजे एका दिवशी पूर आणि महिन्याने दुष्काळ. ६ डिसेंबरचेही तेच, १० जानेवारीला ते रक्त संपते. दोनच दिवस धरून बसलो तर पेढीच्या कपाटात मावत नाही आणि नंतर पुरत नाही.

पुरुषाला ९० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते, बाईला १२० दिवसांनी. आता तारखा बघा. १४ एप्रिल जयंती. १४ ऑक्टोबर धम्मचक्र प्रवर्तन दिन. १४ जानेवारी नामविस्तार दिन, विद्यापीठाच्या गेटवर खेड्यापाड्यांतून लोक येतात तो दिवस. १४ जानेवारीपासून १४ एप्रिलपर्यंत मोजले तर बरोबर ९० दिवस भरतात, लीप वर्षी ९१. मधे राहते १४ जुलै. आपले दिवस जणू कुणी रक्तदानासाठीच आखून ठेवल्यासारखे आहेत. मात्र ज्याने १४ ऑक्टोबरला दिले तो ६ डिसेंबरला बसत नाही. म्हणून दोन याद्या कराव्या लागतील, एक चौदा तारखेवाल्यांची आणि एक ६ डिसेंबरची. वहीत नाव, रक्तगट, शेवटची तारीख आणि फोन नंबर एवढे लिहिले तरी पेढीला ऐन टंचाईत माणूस सापडतो.

एप्रिलमध्ये ऊसतोडीची माणसे गावी परतलेली असतात, म्हणून जयंतीला खेड्यातही रांग लागते. ऑक्टोबर-जानेवारीला ती मिळणार नाहीत, तिथे शहरातल्या वस्तीने भार उचलावा. अडचण जुलैची आहे. १४ जुलैला मिरवणूक नाही, भाषण नाही, पाहुणे नाहीत. पाऊस असेल, शेतात खुरपणी चालू असेल. आषाढी पौर्णिमा त्याच्या आगेमागे येते आणि वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला विहारात रोज संध्याकाळी माणसे जमतातच. त्यातल्या एका रविवारी गाडी बोलवायची की नाही, आणि मंडपाच्या ऐवजी विहाराच्या सभागृहात किती खाटा बसतात, हे येत्या बैठकीत मोजून घ्यावे.